चौतीस

दुकानाच्या पायरीवरूनच आत्या म्हणाली होती,
"चौतीस द्या."
मी तेव्हा चौदाची.
दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, आत्याने दुकानदाराकडे,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळून
माझा आकडा माझ्या हातात आला.

पुढची तेहतीस वर्षं मी चौतीस.
लग्नात चौतीस, दोन बाळंतपणांत चौतीस.
घर बदललं, आडनाव बदललं, चष्म्याचा नंबर तर तीनदा.
हा नाही.

आणि धंदा काय माझा?
दांडिया बाजारात ब्लाउज शिवते.
मोहितेवहिनींचा उजवा खांदा पाऊण इंच खाली,
हे त्यांच्या नवऱ्याला माहीत नाही, मला आहे.
छाती, मुंढा, पाठ, टक्स,
अख्खी गल्ली माझ्या वहीत.
माझ्या नावाचं पान नाही.

खांद्यांना दोन खाचा.
रात्री हूक काढला की फासळ्यांवर लाल रेघ,
कच्चा धावदोरा उसवल्यासारखी.
मला वाटायचं, बाईला असतंच.

नवरात्राच्या तोंडावर अस्तर आणायला मंगळबाजारात गेले,
तिथे बोळकंडीएवढ्या दुकानात इलाबेन.
"नंबर?"
"चौतीस."
तिने आकडा ऐकलाच नाही. माझे खांदे बघितले.
"कोणे कह्युं?"

कोणी सांगितलं.
एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
मीसुद्धा.

पडद्यामागे खोक्यांची थप्पी, एक बल्ब,
आणि तिचा टेप, माझ्याच टेपसारखा, पिवळा, टोकाला झिजलेला.
"श्वास छोडो, बेन."
मी सोडला.
"बधो."
तेव्हा कळलं, अर्धा अजून धरून ठेवला होता.

छातीखाली छत्तीस.
मग कमरेत वाकवून, भरल्या जागेवरून, एक्केचाळीस.
दोन आकड्यांमध्ये जे उरतं ते अक्षर, ती म्हणाली.
आणि डावं जरा मोठं आहे, सगळ्यांचंच असतं,
माप मोठ्याचं धरायचं, धाकट्याचा पट्टा आवळायचा.
खाली भरलेलं, वर उतरतं,
तर गुळगुळीत घुमट नको, जोडाची वाटी घ्या.

पहिलीच्या वाटीत चुणी पडली.
दुसरीची तार काखेत.
तिसरी इतकी गुलाबी की आम्ही दोघी हसलो.
चौथी मी आधी उलटी करून बघितली:
तीन तुकडे, एक आडवी शिवण, एक तिरकी,
कुणीतरी विचार करून कापलं होतं.
घातली. वाकले, काखेतलं पुढे घेतलं.
पट्टीखाली दोन बोटं गेली, तिसरं नाही.
गरब्यात करतात तसे हात वर केले.
काहीच झालं नाही.
कुठेच काही झालं नाही.

राग आला तो उशिरा,
सूरसागरापाशी, सेव-उसळीची प्लेट हातात.
आत्यावर धरू गेले तर धरवेना.
ती जन्मभर जुन्या लुगड्याच्या बॉडीत राहिली,
तिचा आकडा तर कुणी अंदाजानेही सांगितला नाही.
उसळ तिखट होती. जास्तीचा पाव घेतला.

काल केया आली, कॉलेजला नुकतीच लागलेली,
पाठीला नुसत्या दोऱ्या असलेली चोळी हवी,
आणि खांदे असे पुढे दुमडलेले, जणू कुणी रागावलंय.
आई म्हणाली, "बत्तीस धरा ना, काय फरक पडतो."
मी आईला समोर रीळ आणायला पाठवलं.
"श्वास सोड," म्हटलं. "सगळा."
वहीत नवं पान काढलं.
त्याच्या आधीच्या पानावर माझं नाव आहे.

जाताना तिने मशीनवरची टाचण्यांची उशी उचलली.
"काकू, हे काय आहे?"

जुन्या चौतीसची एक वाटी, बाळ.
भुसा भरून शिवून टाकली.
टाचण्या छान बसतात.