काडेपेट्यांची पेठ

शाळेतून नावं काढली त्याला येत्या जूनला वर्ष होईल.
अजून मगदूम वहिनी दोरीवर कपडे टाकता टाकता विचारतात,
"आज काय शिकवलंसा?"
"धरण."
"आणि उद्या?"
"उद्यापण धरणच, वहिनी. अजून गळतंय."

पुस्तकात धरण दीड ओळीचं होतं.
संस्थानकाळात पाया, पुढे बऱ्याच वर्षांनी पुरं.
खाली रिकाम्या जागा, त्या भरा.
माझ्या वेळी मी भरल्या होत्या, पेनानं, न खोडता,
पैकीच्या पैकी,
आणि नंतर बावीस वर्षं नळाखाली कळशी लावताना
एकदाही मनात आलं नाही, हे येतं कुठून.

यांच्या उद्यमनगरातल्या लेथवरून
श्रेयांसनं पत्र्याच्या पट्ट्या आणल्या, दोन बिजागऱ्या,
वजनाला एक बाद झालेलं बेअरिंग.
पाणी ठरल्या उंचीला आलं की
कुणी हात न लावता दार उघडलं पाहिजे,
तिकडे राधानगरीला उघडतं तसं.
पहिल्या दिवशी उघडलंच नाही.
दुसऱ्या दिवशी उघडलं ते मिटेना.
तिसऱ्या दिवशी हे कामावरून आले, हात न धुताच
बेअरिंग अर्धा इंच मागं सरकवलं
आणि काही न बोलता चहा मागितला.
वहीत आम्ही लिहिलं: तरफ.

चेलना सात वर्षांची. तिला दारात रस नव्हता.
तिनं धरणाखाली, उताराला, काडेपेट्या मांडल्या.
एक पिठाची गिरण. एक बस्ती.
एक तालीम, आत लाल मातीची चिमूट.
म्हशी म्हणून पाच चिंचोके.
एका पेटीवर स्वतःचं नाव, त्यातला ल उलटा.

रविवारी टब भरला.
दार अगदी वेळेवर उघडलं,
आतून कुणी कडी काढावी तसं.
श्रेयांस ओरडला, "चाललं!"
गावही चाललं.
गिरण मोरीपर्यंत गेली, तालमीचं लाल पाणी झालं,
चिंचोके तेवढे बुडून जागच्या जागी.
चेलना रडली नाही. म्हणाली,
"दाराला माहीत होतं का, खाली कोण राहतंय?"

मी पुस्तकाचं मागचं पान उगाच उघडून बघितलं.

मग शुक्रवार पेठेत सुलाक्का परटिणीकडं.
तिच्या इस्त्रीच्या खोलीत भिंतीवर चार रेघा आहेत,
एकोणनव्वद, पाच, एकोणीस, एकवीस,
वयानं नाही, उंचीनं लावलेल्या.
"ह्या रेघेला इस्त्री माळ्यावर,
ह्या रेघेला माळाच पाण्यात.
रेडिओवर सांगत्यात, त्रेचाळीस फूट म्हंजे धोका.
आमचा त्याच्या आधीच सुरू हुतोय, बाई."
श्रेयांसनं टेप धरला, मी आकडे लिहिले.
वरची रेघ माझ्या डोक्यावर वीतभर.
चेलना भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली,
"मी कुठल्या सालात बुडते?"

सुलाक्का हसली. निखारा सारखा केला.
"तू कशाला बुडतीस? तुला आधीच हलवत्यात.
शाळेत.
आम्ही अकरा दिवस हुतो की, तिसरी ब.
फळ्यावर पाढे तसंच, कुणी पुसलं न्हाईत.
म्या कधी शाळंचं तोंड बघितलं नव्हतं,
बघितलं ते असं, अंथरूण घेऊन."

घरी येईस्तोवर कुणी बोललं नाही.
पापाच्या तिकटीला श्रेयांसनं एकदा टेप ओढून सोडला, सर्रकन.

संध्याकाळी खिडकीत काडेपेट्या वाळत होत्या,
चित्रं सुटलेली, कडा फुगलेल्या.
चेलनानं एकेक उचलून परत मांडली, तिथंच, उताराला.
मी म्हटलं, जरा वर मांड की.
"तिथं त्यांचं घर नाही," म्हणाली.
फक्त एक पेटी तिनं विटेवर ठेवली,
ढकलून बघितली, पुन्हा ठेवली.
"ही शाळा," माझ्याकडं न बघता, "ती लागतेच."

मी बादली भरून आणली.