रिजेक्ट ड्रम

ऑर्डर आली तेव्हा उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये
कुणीच समुद्र नीट पाहिलेला नव्हता.
भूपाल मगदुमांनी ड्रॉइंग पसरलं,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले:
जहाज फुटलं की तेल उचलायचं मशीन.
चरक केले, घाणे केले, हेही करू.

तत्त्व सोपं.
ड्रम फिरतो, तेल त्याला चिकटतं, पाणी चिकटत नाही.
वरच्या पट्टीनं खरवडून घ्यायचं,
गुळव्या काहिलीची कड खरवडतो तसं.
दस्तगीरनं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला:
"पण पाण्याला कसं कळतंय, चिकटायचं न्हाई ते?"
शेडमध्ये तीन डिप्लोमावाले होते.
कुणी बोललं नाही.

पहिला ड्रम दोन मिलिमीटर वाकडा निघाला.
मगदुमांनी खडूनं फुली मारली, मागं टाकला.
दुसरा पास झाला.
पत्र्याच्या हौदात बोअरचं पाणी,
त्यावर गॅरेजमधनं आणलेलं दहा लिटर जळकं तेल.
वीस मिनिटांत पाणी स्वच्छ.
पेढे वाटले आम्ही.

मे महिन्यात फोन आला.
गगनबावडा उतरून टेम्पो पोचला तर
तेल आमच्या आधी पोचलेलं.
लांब पाण्यात नारिंगी नळ्यांचा वेढा,
लाट आली की तेल खालनं निसटून बाहेर.
हौदाला लाट नव्हती, हे आम्हाला
तिथं उभं राहिल्यावर सुचलं.
एक बोट औषध फवारत होती.
साहेब म्हणाले, यानं तवंग फुटतो, दिसत नाही.
जातो कुठं, असं दस्तगीरनं विचारलं.
साहेब फोनवर बोलू लागले.

मशीन चाललं, खोटं कशाला बोलू.
नऊ पिंपं भरली.
संध्याकाळी तारामती तांडेल ओचा खोचून आल्या,
हातात बंद शिंपल्या, काळ्या कडांच्या.
"मशीन तुमचा बरा आसा.
पण रेवेत गेला ता कोण काढतलो?"
आणि टाच वाळूत रुतवून दाखवली.
खड्ड्यात पाणी आलं,
पाण्यावर मोराच्या मानेचे रंग.

शाळेतला एक पोरगा प्लास्टिकच्या टबात
कुरवाला भांड्यांच्या साबणानं धूत होता.
सात वेळा पाणी बदललं.
सोडला तर पक्षी समुद्राकडं गेलाच नाही.
आमच्या टेम्पोखाली, सावलीत जाऊन बसला.
टेम्पोचं ऑइल ठिपकत होतं.
मी खाली हातरुमाल अंथरला.
दुसरं काय करणार?

घरी आलो. मटण होतं.
रश्श्यावर बोटभर लाल कट.
भाकरी बुडवली, वर काढली.
कट भाकरीला, पाणी वाटीत.
तसाच बसून राहिलो.
बायको म्हणाली, मीठ कमी पडलंय का?

दुसऱ्या दिवशी दस्तगीर शेडच्या मागं उकिडवा बसलेला.
आमची मोरी तिथं गटारात मिळते,
गटार ओढ्याला, ओढा जयंती नाल्याला,
नाला पंचगंगेला.
पंचगंगा पुढं कुठं जाते ते
आम्ही कधी ड्रॉइंगवर पाहिलं नव्हतं.
कुलंट, लेथचं पाणी, हात धुतलेलं रॉकेल,
तीस वर्षं.

फुलीचा ड्रम त्यानं धुऊन काढला.
जुन्या जीपची वायपर मोटर जोडली,
पट्टी म्हणून टायरचा तुकडा.
वाकडा असल्यानं ड्रम प्रत्येक फेऱ्याला
एकदा गटाराच्या भिंतीला घासायचा: खर्र.
दिवसभर लेथच्या आवाजात तो ऐकू येत नव्हता.
सहाला मशिनं बंद झाली तेव्हा आला.

मगदूम हातात किल्ल्या घेऊन मागं आले.
बाटली अर्धी भरली होती.
"हे कुठल्या पार्टीचं काम?"
दस्तगीर टाचा झाडत उठला.
"आपलंच हाय."
मगदुमांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला,
होती तिथं ठेवली.
मेन स्विचकडं गेले, आणि थांबले.
शेड बंद करायची तर ड्रमही बंद होणार होता.

किल्ल्या वाजल्या नाहीत बराच वेळ.
खर्र.
खर्र.