निवडणं

कीओककच्या कोठारावर सकाळी सहालाच
ट्रकांची रांग लागते, पार नदीपर्यंत.
डार्लीन लांब नळी मक्यात खुपसते,
तळातला, मधला, कडेचा मूठ-मूठ दाणा वर काढते,
खोलीतला दिवा मालवते
आणि जांभळा लावते.

चांगला मका त्या उजेडात नुसता काळा.
बुरसलेला तेवढा चमकतो,
हिरवट निळा, काजव्यांनी अंडी घातल्यासारखा.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणाले, किती सुंदर!
डार्लीन म्हणाली, हो ना.
आणि पावतीवर शिक्का मारला: परत.

यंदा आयोवात जुलै कोरडा गेला.
कणसं तडकली, भेगेतून ती आत शिरली,
हळदीत मेंदी कालवावी त्या रंगाची,
फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी.

अब्जात वीस. त्यापुढे चालत नाही.
अब्ज म्हणजे किती, आई फोनवर विचारत राहिली.
शेवटी म्हटलं, मालगाडीभर धान्यात मूठभर मीठ.
मूठभरच ना, म्हणाली,
मग निवडून टाका की.

ती निवडायची. परातीत शेंगदाणे पसरून,
सुरकुतलेला, काळपट, हाताला हलका लागणारा बाजूला.
तरी एखादा निसटायचाच.
तो मग जीभ निवडायची, थू करून.

हे विष जिभेला कळत नाही.
भाजा, दळा, उकळा, ते आहे तिथेच.
गाईनं खाल्लं तर दुधात उतरतं,
आणि दूध आपलं पांढरंच.

म्हणून माझ्या खोलीत उंच काचेच्या नळ्या,
नळ्यांत बुडबुडे, बुडबुड्यांभोवती हिरवं.
शेवाळ.
घरी ते मोरीच्या दगडावर असायचं,
काथ्या घे, राख घे, घास, नाहीतर कुणाचा तरी पाय मोडेल.
इथे मी त्याला हवा देते, उजेड देते,
रविवारीसुद्धा येऊन विचारपूस करते.
त्याच्या पेशीची भिंत खरबरीत असते,
गवतातून आल्यावर मोज्यांना कुसळं
तसं विष तिला चिकटतं.
शंभरातलं ब्याण्णव चिकटलं. आम्ही केक कापला.

मग त्याला खोटं पोट दिलं:
आधी आम्ल, नंतर पित्त,
एकोणचाळीस अंशांवर रात्रभर हलवत.
पहाटे मोजलं तर
निम्मं सुटून पाण्यात आलेलं.
केक अजून फ्रीजमध्ये होता.

व्हर्नन होकस्ट्राचा ट्रक परत गेला होता सप्टेंबरात.
मका त्यानं गोठ्यामागे ओतला, गाईंपासून लांब, कुंपण घालून.
कुत्र्याचं त्याच्या लक्षात आलं नाही.
बिस्किट, चौदा वर्षांचा, दात नसलेला.
आधी खाणं सुटलं,
मग डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला.

तो दारात उभा राहून म्हणाला, विजूला,
(विदुला त्याला कधीच जमलं नाही)
तुझं हे हिरवं त्याला दिलं असतं तर?

निम्मं सुटतं, हे सांगायला हवं होतं.
माहीत नाही, म्हणाले.
त्यानं टोपी काढली, परत घातली
आणि नळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

मंगळवारी आला तो बादली घेऊन.
माझ्या तळ्यातलं आहे, म्हणाला, वर्षानुवर्षं साचलेलं,
गाई तिथेच पाणी पितात, काही होत नाही त्यांना.
चालेल का हे?

नाही चालणार. त्यात काय-काय असेल कुणास ठाऊक:
चिखल, बदकाचं पीस, गोगलगाई,
आणि गाईंना काही होत नाही याचा पुरावा कुठला.
बादली मात्र मी घेतली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
ते पांढऱ्या ट्रेमध्ये पसरलं,
चष्मा वर सरकवला
आणि बसले.
गोगलगाई एका बाजूला.
पीस एका बाजूला.
एक लांब हिरवा धागा, नळीतल्यापेक्षा जाड,
बोटाला खरखरीत लागणारा,
वेगळ्या बशीत.