शेवटचा हात

पुन्ता अरेनासला वारा दार वाजवत नाही,
थेट आत येऊन खुर्चीत बसतो.
म्हणून ओर्मिंदोमामा उठला की आधी
समोरच्या दोरीवरचे लोकरी मोजे बघतो.
मोजे आडवे. आज नाही.
असे नऊ दिवस.

गॅरेजमागे नेवेंकाची पावाची व्हॅन,
बॉनेट नाही, पुढचे मडगार्ड नाहीत,
कवळी काढून ठेवलेल्या म्हातारीसारखी गप्प.
सुटे पत्रे आत तारेवर टांगलेले,
कालाफातेच्या फळासारखे जांभळे.
ते फळ खाल्लं की माणूस इथे परत येतो म्हणतात.
पाववालीला तर रोजच परत यावं लागतं,
नेवेंका म्हणाली, आणि रंग ठरला.

पण नुसत्या रंगाला कातडी नसते.
सामुद्रधुनीचं मीठ रात्रीतून येऊन
पत्र्याच्या कडा चाटतं.
आणि ऊन.
इथलं आभाळ विरलेलं आहे,
शाळेतली पोरंही सांगतील.
वसंतात वरचा थर फाटतो,
फाटकाजवळच्या खांबावरचा दिवा जांभळा होतो,
मग बाई कुणाला टोपीशिवाय मैदानात सोडत नाहीत.
व्हॅनला कुठली टोपी?
याआधीचा लाल दोन उन्हाळ्यांत
खडूसारखा बोटाला लागायला लागला होता.

माझी चूकही सांगून टाकते.
डब्यावर लिहिलं होतं: तासाच्या आत,
नाहीतर पुरे दोन दिवस थांबून.
मी सहाव्या तासाला क्लिअर कोट मारला.
वाटलं, वाळलाय की.
बघता बघता जांभळा आकसला,
दुधावरच्या सायीला फुंकर घालावी
तसा सुरकुत्यांनी गोळा झाला.
मामा काही बोलला नाही.
पॉलिश पेपर दिला, बादलीभर पाणी दिलं,
आणि रेडिओचा आवाज वाढवला.
पत्रा उघडा पडेपर्यंत घासत होते मी,
बोटांचे ठसे पुसट होईपर्यंत.

दहाव्या दिवशी मोजे सरळ खाली लोंबत होते.
एवढे सरळ, की भीती वाटली.
डबे कोमट पाण्यात बसवले.
हीटर विझवला. जमिनीवर पाणी शिंपडलं,
धूळ उठू नये म्हणून.
दीड वीत लांबून, पत्र्याच्या बाहेर सुरू करून
पत्र्याच्या बाहेरच थांबायचं.
पहिला हात नुसता धुक्याचा.
दुसरा त्याच्यावर आडवा.
तिसरा ओला, ओघळायच्या अगदी अलीकडे,
जिथे मामा श्वास रोखतो आणि मीही.

तेवढ्यात रस्त्याने मेंढ्यांचा ट्रक गेला.
दाराच्या फटीतून लोकरीचा एक तंतू आला,
कुठे बसावं याचा विचार करत फिरला,
आणि डाव्या मडगार्डवर टेकला.
माझं बोट पुढे गेलं.
मामाने मनगट धरलं.
'आता हात नको.'
उचलला असता तर खड्डा पडला असता.
आम्ही दोघं उभे राहिलो,
तो हळूहळू आत बुडताना बघत.

नेवेंका आली. वाकून पाहिलं,
नखाने टकटक केलं, बिलही पाहिलं.
'रंगाचे कळले. पण हे खालचे कशाचे?
वर तर काहीच दिसत नाही.'
'दिसलं असतं,' मामा म्हणाला,
'तर पैसे घेतले नसते.'
ती हसली नाही. पैसे मोजले,
पावाचा एक गरम लांबोडा टेबलावर ठेवला,
आणि व्हॅन घेऊन गेली.

दुपारपर्यंत मोजे पुन्हा आडवे.

सकाळी व्हॅन दारात थांबते तेव्हा
पाव घ्यायच्या आधी मी डावीकडे बघते.
तिला अजून सापडलेला नाही.
आहे तिथेच तो, किंचित वाकडा,
आत्ताच येऊन बसल्यासारखा,
अजून ओला.