छातीखाली मूठ

तालुक्याहून तक्ता आला:
नाव, वय, वजन, आणि शेवटी
दंड-छातीचा दम, आकड्यात.
सूचना क्रमांक चार: पाठ फळीसारखी, कोपर काटकोनात,
तीन सेकंदाला एक. ठेका चुकला की थांबवावे.

ठेक्याची ध्वनिफीत काही आली नाही.
मग शेवंताबाईंनी खिचडीचा झारा घेतला,
गंज उपडा घातला, पुढ्यात मांडी घालून बसल्या.
टण, खाली. टण, वर.
"मॅडम, हे झाल्यावर पोट्ट्यायले भूक जास्त लागन,
तांदूळ तं तेवढाच हाये,"
ठेका न चुकवता म्हणाल्या.

चिचघाटची शाळा, फेब्रुवारी, सातवीचा वर्ग,
दोन-दोनच्या जोड्या.
एकाने हात टेकायचे,
दुसऱ्याने त्याच्या छातीखाली मूठ ठेवायची.
मुठीला छाती लागली तरच मोजायचं.

आचल उईके: चोवीस.
उठली, हात झटकले, "अजून करू का?"
प्रज्वल: शून्य. कोपरावर आपटला
आणि दुसरं कोणी हसायच्या आत स्वतःच हसला.
परवा हाच चिंचेच्या शेंड्यावर होता,
खाली उतर म्हणून माझा घसा बसला होता.
शेंड्याला रकाना नाही.

उरले निकेश आणि सुगत.
तान्ह्या पोळ्यापासून बोलत नव्हते.
लाकडी बैलाचं शिंग मोडलं होतं,
कोणी मोडलं ते ठरायचं होतं अजून.
सुगतने हात टेकले.
निकेशने मूठ सरकवली, चुलीत घालावी तशी.

टण. एक. टण. दोन.
निकेश मोठ्याने मोजत होता, पंचासारखा.
"नाही लागली. पुन्हा नऊ."
सुगत काही बोलला नाही. पुन्हा नऊ केला.
चौदाला मनगटं थरथरली.
सोळाला मान आधी वर आली, बाकीचा मागून.
सतराला छाती खाली गेली
आणि तिथेच राहिली.

झारा वर गेला तो वरच.
नियमाने मी शिट्टी वाजवायची.
पण निकेश मोजतच होता, ठेका सोडून, भरभर,
अठरा एकोणीस वीस एकवीस बावीस
"अरे, काय मोजतोस?"
"बाई, याचं काळीज. हाताले लागून रायलं."
सुगत मातीत तोंड घालून हसला,
आणि ते अजून जोरात लागलं असावं,
कारण निकेशची मोजणी चुकली.

मी सतरा लिहिलं, पेनाने.
शिंगाचं काही मिटलं असेल असं नाही.

संध्याकाळी खोलीवर, दार लावून,
ओढणी खोचून मीही हात टेकले.
फरशी गार. चार झाले.
पाचवा धरावा की नाही कळेना,
खाली कोणाची मूठ नव्हती.
तशीच पडून राहिले थोडा वेळ.
कुकर केव्हाचा शिट्ट्या देत होता,
किती झाल्या, मोजल्या नव्हत्या.