हिवरझरी हॉल्ट

शनिवारी सकाळी आठ अंश.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बॅडमिंटन हॉलमध्ये
फेव्हिकॉल वाळायचं नाव घेईना.
सगदेव मॅडमनी घरून हेअर ड्रायर आणला,
दवाखान्यातून अर्धं पोतं प्लास्टर,
"कवळ्यांचं उरलंय, टेकडीला चालेल."
म्हणून आमची टेकडी
हिरड्यांसारखी गुलाबी, रंग लागेपर्यंत.

खडी म्हणजे कन्हानची रेती, तीनदा चाळलेली.
झाडं म्हणजे वाळक्या मंजिऱ्या.
रूळ नऊ मिलिमीटर, माणूस दोन सेंटिमीटर,
आणि लांजेवार पाच फूट चार,
एकतीस वर्षं नागभीड लाइनचा गार्ड,
मफलर हनुवटीखाली टाचणीनं अडकवलेला,
साऱ्या मुलखावर ओणवा होऊन सांगत,
"एवढी सुसाट नाही जाये, बावा.
आमच्या गाडीतून माणूस उतरे,
बोरं वेचे, पुन्हा चढे."

सुमेधनं रेग्युलेटर खाली आणला.
बारावीचं वर्ष, क्लास बुडवून आलेला.
इंजिन थरथरलं, थांबलं. सोल्डर पुन्हा सुटलं होतं.
थंडीत शिसंसुद्धा हट्टी होतं.

दुपारी तर्रीपोहे संपल्यावर भांडण निघालं.
हिवरझरीचा फलाट कुठल्या बाजूला?
लांजेवार म्हणे डावीकडे. मी उजवीकडे म्हणालो,
मी तिथे एकदाच उतरलो होतो, तेही लघवीला.
फोटो कुणाकडेच नाही.
जागेवर जाऊन बघावं, तर तिथे
आता मोठ्या रुळांसाठी मुरूम टाकलाय
पुरुषभर उंच.
"काहून वाद घालता, मी होतो ना तिथं!"

शेवटी मॅडमनीच
त्यांच्या घरी फोन लावला, स्पीकरवर.

"फलाट? उगवतीकडे.
नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचो न आम्ही साऱ्या,
थंडीत ऊन पाठीवर घेऊन उभ्या राहायचो.
सावल्या पुढे रुळांवर पडत.
गाडी आली का आमच्या मुंडक्यावरून जाये,
अन् आम्ही हसायचो.
त्यांना काय विचारता,
ते तर मागच्या डब्यात.
जेवायला येणार हाय का, विचारा."

कुणी बोललं नाही.
लांजेवारांनी चष्मा पुसला,
मग पुन्हा पुसला.
"दीड मिनिट थांबे तिथं," ते म्हणाले,
"मी इंजिनाकडेच पाहत असे."

रात्री पातं घालून फलाट उचकटला,
अख्खाच निघाला, खाली ओला फेव्हिकॉल.
चार सेंटिमीटर सरकवायचा,
त्यासाठी बोरीचं झाड, पाटी, गुरांचा पाणवठा,
सगळ्यांना घरं बदलावी लागली.
बारा वाजता हॉलभर संत्र्यांच्या सालींचा वास
आणि ड्रायरचा घों घों.

रविवारी पोरं आली, टेबलाच्या कडेला
नाकं टेकवून. एकानं विचारलं, गाडीत एसी आहे का?
सुमेधनं आपला अभ्यासाचा दिवा
टेकडीमागे बांधला, अगदी खाली,
आणि हॉलचे दिवे घालवले.
फलाटावर पाच बाया, रंगाचा एकेक ठिपका.
त्यांच्या सावल्या
स्वतःपेक्षा तिप्पट लांब,
रुळांवर आडव्या.

गाडी आली. सोल्डर टिकलं.

चार वाजता त्या आल्या,
स्वेटरवर शाल, हातात तिळाच्या वड्यांचा डबा.
कमरेत वाकून बराच वेळ पाहिलं.
एका बाईवर बोट धरलं, टेकवलं नाही.
आम्ही वाट पाहत होतो.

"आणि नळ?
पाटीखाली नळ होता न.
त्याच्याशिवाय कोणी उभं नाही राहात इथं."

लांजेवारांनी हनुवटीखाली हात नेला,
टाचणी ओढून काढली, मफलर सुटून लोंबला,
टाचणी माझ्या तळहातावर ठेवली.

"वाकव," म्हणाले,
"तोटी थोडी गळती ठेव."