इतर उत्पन्न

सोहारला, बंदरामागच्या शेडमध्ये,
एकेक गाडी आम्हाला तोट्यातच पडते.
हे मी दर तिमाहीला लिहिते,
आणि खाली, चौदाव्या ओळीत, इतर उत्पन्न:
सरकारी अनुदान.
लगेच ताळेबंद पोट आत घेऊन उभा राहतो,
फोटोपुरता.

खलफान म्हणतो, रेवती, हे पैसे तेलाचेच.
विहिरीतून निघाले, मंत्रालयाला वळसा घालून आले
तेल न पिणाऱ्या गाडीत.
तो हसतो. त्याचा बाप टँकरवर होता.

यंदा चौदावी ओळ रिकामी आहे.
मस्कतहून होकार नाही, नकार नाही,
नुसतं विचाराधीन.
ऑडिटर यायला नऊ दिवस.
आवारात चाळीस पांढऱ्या गाड्या
धूळ पांघरून, वायरी लावून पडल्यात,
सलाईनवर असल्यासारख्या.
वीजही सवलतीची.

रात्री सावर्ड्याहून भावाचा फोन:
ताई, दुकान आता नफ्यात आलं बघ,
फक्त गाळ्याचं भाडं तेवढं पाठव.
पाठवते. सहा वर्षं पाठवतेय.
तो मला कुठल्या ओळीत लिहितो,
कधी विचारलं नाही.